सगळ्यांना सारखंच देते, मग कुठं चुकतंय?

पत्र थोडक्यात असं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एक ताई स्वतःच्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर वयस्कर माणसं सांभाळायचं छोटं घर चालवतात. सध्या सात जण आहेत, पाच आजी आणि दोन आजोबा. दिवसा दोन मावशी, रात्री एक, स्वयंपाकाला एक बाई आणि बाकी सगळं ताई स्वतः. सहाला चहा, सातपासून आंघोळी, साडेआठला नाश्ता आणि गोळ्या, साडेबाराला जेवण, संध्याकाळी सातला जेवण आणि उरलेल्या गोळ्या, नऊला दिवे बंद. "कुणाला काडी इकडची तिकडे करावी लागत नाही, सगळ्यांना सारखं, दुजाभाव नाही," असं त्या अभिमानानं लिहितात. मागच्या महिन्यात एका आजींची मुलगी भेटायला आली आणि तिला आईच्या मनगटावर वळ दिसला. या आजींच्या पायाला सूज असते, रात्री दोन-तीनदा उठतात, एकदा पडल्यासुद्धा, म्हणून रात्रीच्या मावशी त्यांचा हात ओढणीनं खाटेला सैलसा बांधतात. मुलगी जाताना म्हणाली, आईचा वेगळा केअर प्लॅन, म्हणजे तिची काळजी कशी घ्यायची ते, लेखी करून द्या. याशिवाय पार्किन्सन झालेले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आंघोळीला रोज नाही म्हणतात, इन्सुलिनवर असलेल्या 81 वर्षांच्या एक शिक्षिका बाई गूळ चोरून खातात आणि त्यांचा मुलगा फोनवरून "गोड अजिबात द्यायचं नाही" म्हणून दम देतो, आणि एक आजी दिवेलागणीला "घरी जायचंय" म्हणत दाराशी जाऊन उभ्या राहतात. ताईंचं म्हणणं: "हॉस्पिटलसारखे कागद करत बसले तर घरपण राहील का? आणि सात जणांचे सात नखरे पुरवायला माणसं कुठून आणू?"

ताई, मुलगी चिडली नाही हे तुम्ही पत्रात दोन ठिकाणी लिहिलंय आणि ओढणीचं मात्र एका ओळीत उरकलंय, म्हणजे ते तुम्हालाही आतून टोचलंय असं मी धरून चालते आणि तिथूनच सुरू करते.

बांधणं आज रात्रीपासून बंद. सैल असो की घट्ट. पडू नये म्हणून बांधलेलं माणूस अंधारात सुटायची धडपड करतं आणि जास्त वाईट पडतं, किंवा हात पिरगळतो, कातडी सोलवटते, आणि अंथरुणातच ओलं झालं की दुसऱ्या दिवशी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. अमेरिकेत 1987 च्या कायद्यानं नर्सिंग होममध्ये कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायला बंदी घातली, आपल्याकडे घरोघरी अजून हे "काळजीपोटी" चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तुमच्या मावशी दुष्ट नाहीत हो. त्या एकट्या आहेत, सात जणांना बघतायत, आणि आजी का उठतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता का उठतात ते बघू. पायाला सूज आहे म्हणजे बहुतेक शरीरातलं पाणी काढायची गोळी चालू असणार, लॅसिक्स किंवा तसली कुठली तरी. ती तुमच्या संध्याकाळी सातच्या डब्यात आहे का ते आधी बघा. असली तर सगळा उलगडा झालाच, सातला गोळी, नऊला दिवे बंद आणि मग रात्रभर लघवीला पळापळ, त्यात अंधार, त्यात पायात गोळे, पडणारच ना. ही गोळी साधारणपणे सकाळी देतात आणि दुसरा डोस असलाच तर दुपारी, पण मनानं वेळ बदलू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना फोन करा आणि नीट विचारा. मग आठवडाभर रात्रीच्या मावशींना फक्त एवढंच लिहायला सांगा की आजी किती वाजता उठल्या. लिहिता येत नसेल तर घड्याळाच्या चित्रावर खूण करू देत. समजा रोज एकच्या सुमाराला उठतायत असं दिसलं, तर पावणेएकला मावशींनीच उठवून न्यायचं. खाटेशेजारी कमोडची खुर्ची, पायापाशी झिरोचा बल्ब, आणि खाट एवढीच उंच की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. हाताशी घंटी.

झाला की ताई प्लॅन. मुलगी हेच मागत होती. तुम्हाला वाटलं ती विश्वास नाही म्हणून कागद मागतेय, तसंही असेल थोडं, वळ बघितल्यावर कुणालाही वाटेल. पण यात हॉस्पिटलसारखं काय आहे सांगा बरं. आजी रात्री का उठतात हे शोधणं हे घरपणच झालं की, उलट ओढणी हॉस्पिटलसारखी आहे.

आता "सगळ्यांना सारखं" याच्याबद्दल. यामागची भावना मला कळते, आपल्याकडे पंगतीत वाढताना डावं-उजवं केलं तर माणूस आयुष्यभर विसरत नाही. पण तुमच्या टाइमटेबलात सारखं काय आहे, तर घड्याळ. सात वाजले हे सगळ्यांसाठी सारखं आहे, त्या सात वाजता प्रत्येकाच्या शरीरात काय चाललंय ते सारखं नाहीये.

तुमच्या ड्रायव्हरकाकांचंच घ्या. तुम्ही लिहिलंय "हट्टी आहेत, सकाळी मुद्दाम अंग ताठ करतात, साडेनऊला मात्र स्वतःहून गप्पा मारत बसतात." ताई, ते मुद्दाम नाहीये. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाची गोळी ज्या माणसाला चालू असते त्याची हालचाल त्या गोळीवर चालते, अंगात औषध असेपर्यंत माणूस हलतो आणि उतरलं की लाकूड होतो. आदल्या संध्याकाळी सातची गोळी, ती रात्रीतच उतरली, आणि पुढची साडेआठला. म्हणजे सातला तुम्ही त्यांना आंघोळीला उठवता तेव्हा ते दिवसातल्या सगळ्यात ताठ अवस्थेत असतात, आणि दोन मावशी मिळून ओढतात तेव्हा दुखतं म्हणून ओरडतात. वर ही गोळी नाश्त्याबरोबर देताय. दूध, अंडं, डाळ असलं प्रोटीनचं खाणं बरोबर गेलं की ती नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर खाण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. आणि हो, ही गोळी बऱ्याच जणांना दिवसातून तीन-चारदा लिहिलेली असते, तर चिठ्ठी काढून बघा की तुमच्या दोन वेळच्या डब्यात बसवताना मधली एखादी गळाली तर नाही ना. डॉक्टरांशी बोलून सकाळची गोळी सहाला पाण्याबरोबर द्या, नाश्ता नंतर, आणि काकांचा आंघोळीचा नंबर पहिला आहे तो शेवटचा करा. एवढ्यानं काम वाढलं का? उलट आज दोन मावशी लागतात तिथं एक पुरेल. तुम्ही जे "सात नखरे" म्हणताय ना, त्यातले निम्मे तरी असे निघतील, जिथं माणूस वाढवावं लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. (थायरॉइडची गोळी कुणाला असेल तर तीसुद्धा नाश्त्याच्या डब्यातून काढा, ती उपाशीपोटी घ्यायची असते, चहाच्याही अर्धा-पाऊण तास आधी.)

शिक्षिका बाईंचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथं प्रश्न गोळीचा नाही, ठरवणार कोण याचा आहे. तुम्ही लिहिलंय "मुलगा पैसे भरतो, त्याचं ऐकावंच लागतं." पैसे तो भरतो हे खरं, पण तोंड बाईंचं आहे. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला गुळाच्या खड्यासाठी डबा धुंडाळावा लागतो आणि मावशी तिच्या उशीखाली हात घालून तपासतात, हे वाचून मला गुळापेक्षा उशीचंच जास्त वाईट वाटलं. त्यातून "गोड अजिबात नको" हे 81 व्या वर्षी वैद्यकीयदृष्ट्यासुद्धा तितकं पक्कं नसतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सूचनांमध्येही बरेच आजार असलेल्या वयस्कर माणसांसाठी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 8 टक्क्यांच्या आत असली तरी चालेल असं आहे, तरुणांसारखी कडक साखर त्यांच्यात ठेवायला जात नाहीत, कारण या वयात साखर थोडी वर राहण्यापेक्षा एकदम खाली जाणं जास्त घातक.

आणि इथंच मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खटकली. "बाई एकादशी सोडत नाहीत." मग त्या दिवशी इन्सुलिन किती देता? रोजच्याएवढंच देत असाल आणि बाईंनी भगर दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं, तर दुपारी घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि मावशींना वाटणार उपासानं थकल्या, झोपू दे. झोपू द्यायचं नाही. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आलं आणि शुद्धीवर असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, 15 मिनिटांनी परत तपासा, नाही वाढली तर परत द्या, नंतर काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, 108 ला फोन. हे सगळं बाईंच्या कागदावर मोठ्या अक्षरात हवं, आणि उपासाच्या दिवशीचं इन्सुलिन किती ते डॉक्टरांच्या हातानं लिहून घेतलेलं हवं.

गुळाचं काय? बाईंना घेऊन बसा. कागदावर चार ओळी करा: बाईंचं म्हणणं, मुलाचं म्हणणं, डॉक्टरांचं म्हणणं, आणि ठरलं काय. कदाचित दुपारच्या जेवणानंतर एक छोटा खडा आणि त्या बदल्यात भात कमी असं काहीतरी ठरेल, कदाचित डॉक्टर आत्ता नको म्हणतील, पण बाईंशी बोलून ठरलेलं असेल. मुलगा परत फोनवर चढला तर तोच कागद वाचून दाखवा, "आईंनी सही केलीये, डॉक्टरांनी बघितलंय, तुमचंही म्हणणं लिहिलंय." भांडण बरंच निवळतं, कारण त्याच्या ओरडण्यामागेही लांब राहतो याची टोचणीच असते बहुतेक वेळा. ज्यांची स्मरणशक्ती गेलीये त्यांच्याशी एवढी चर्चा जमणार नाही, तिथं नातेवाइकांना विचारा, पण पिवळी साडी की निळी, आंघोळ आत्ता की चहानंतर, एवढं तर त्यांनाही विचारता येतं.

"काडी इकडची तिकडे करावी लागत नाही" हेही जरा तपासून बघा. 1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघींनी कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा हे तुम्ही ठरवा आणि हे रोप तुमचं, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपं तीच, पण सांगितलं की नर्स सगळं बघतील. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त हिंडती-फिरती झालेली दिसली. तुमच्याकडे शेंगा सोलायला, लसूण निवडायला, तुळशीला पाणी घालायला कुणी मागत असेल आणि आपण "बसा हो आजी" म्हणत असू, तर आपण आराम देतोय असं आपल्याला वाटतं आणि त्यांना वाटतं की आपण आता कामाचे राहिलो नाही. जेवण भरवण्याचंही तसंच. वीस मिनिटं लागतील म्हणून मावशी पाच मिनिटांत भरवतात, आणि दोन महिन्यांनी त्या माणसाचा हात खरंच तोंडापर्यंत जात नाही. मग काम कुणाचं वाढलं?

म्हणून प्रत्येकाच्या कागदावर सहा गोष्टी लिहा: आंघोळ, कपडे, संडास-बाथरूमला जाणं, उठणं-बसणं, लघवी-संडासवरचा ताबा, जेवण. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 मध्ये केलेली ही यादी अजून जगभर वापरतात, इतकी साधी आहे. प्रत्येक गोष्टीसमोर स्वतः करतात, हाताशी कुणी लागतं, की आपणच करायचं, यातलं एक. त्याखाली त्या माणसाच्या खास चार गोष्टी, म्हणजे कुठल्या कानानं ऐकू येतं, दात काढून ठेवतात का, मिशरीची सवय आहे का (आहे ना, लपवू नका, एकदम बंद केलीत तर चिडचिड कशामुळे तेच कळत नाही), आधी कोण होते, कशानं बिथरतात, कशानं शांत होतात. एका पानाच्या वर जायचं नाही. जाडजूड फाइल केलीत तर ती कपाटात जाईल आणि मावशी परत स्वतःच्या अंदाजानं वागतील. आत्ता हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे हो, पण तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात किंवा मावशी सोडून गेल्या आणि ब्युरोतून नवीन बाई आली की तिला काय माहिती? फक्त कागद भिंतीवर लावू नका, डायपरची माहिती भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी वाचायची नसते. मावशींची ड्युटी बदलते तेव्हा पाच मिनिटं दोघींनी मिळून बघायचा.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तुमच्यासारखीच छोटी घरं असतात, साध्या राहत्या बंगल्यात साधारण सहा जण. तिथं माणूस राहायला आल्यापासून 30 दिवसांत असा कागद करावाच लागतो आणि तो त्या माणसाशी बोलून, वाटाघाटी करूनच, वर्षातून एकदा तरी परत बघावा लागतो. आपण वर्षभर कशाला थांबायचं, महिन्यातून एकदा सगळ्यांचे कागद काढा, आणि कुणी पडलं, हॉस्पिटलमधून परत आलं किंवा एकदम वेगळं वागायला लागलं तर त्याच दिवशी. एकदम बिघडलेलं वागणं हे वयामुळे म्हणून सोडून द्यायचं नाही, वयस्कर माणसांत लघवीचं इन्फेक्शन कधी कधी ताप न येता नुसत्या भ्रमातच दिसतं, बद्धकोष्ठतेनंही होतं, नवीन गोळीनंही होतं.

दाराशी उभ्या राहणाऱ्या आजींना "हेच तुमचं घर" असं समजावणं थांबवा, त्यानं त्या जास्त घाबरतात. स्मृतिभ्रंशात संध्याकाळची ही घालमेल बऱ्याच जणांना होते. त्यांच्या माणसांना विचारा की या वेळेला त्या घरी काय करायच्या. गुरं बांधायच्या, देवापुढे दिवा लावायच्या, नातवाची वाट बघायच्या, काहीतरी असेलच. अंधारायच्या आधी घरातले दिवे लावा, पाचला काहीतरी खायला द्या, वाती वळायला द्या, आणि तरी निघाल्याच तर मावशींनी बरोबर फाटकापर्यंत जाऊन यायचं. दाराला घंटा लावा, आणि कपड्यात तुमचा फोन नंबर शिवून ठेवा. बाहेरून कुलूप लावू नका, आग लागली तर सातही जण आत अडकतील.

"हिला मिळतं, मग मला का नाही" हे होणारच, त्याला घाबरू नका. प्रत्येकाला विचारा की तुम्हाला कुठली एक गोष्ट तुमच्या मनासारखी हवी, आणि जमणारी असेल ती द्या. काही जमणार नाहीत, तिथं स्पष्ट नाही म्हणा. आणि नाही म्हणायची आणखी एक जागा आहे. नवीन माणूस घेण्याआधी हाच कागद भरून बघा. नळीनं जेवण, खोल बेडसोर (सतत पडून राहून झालेल्या जखमा), रात्रभर कुणीतरी लागणं, हे तुमच्या एका रात्रीच्या मावशीत बसत नसेल तर खोली रिकामी असली तरी घेऊ नका. महिन्याचे पैसे दिसतात, कळतं मला, पण मग ओढणी परत निघते.

मुलीला या रविवारी तुम्हीच फोन करा. बांधत होतो, आता बंद केलंय, हे सरळ सांगा, सारवासारव नको. तिला बोलवा आणि आजींना मधे बसवून कागद करा. रात्री जास्तीची मदत लागणार असेल आणि त्याचे पैसे वाढणार असतील तर तेही त्याच बैठकीत, महिन्याच्या बिलात अचानक नको.

आणि एकदम सात कागद करायला बसू नका, कंटाळाल. या आठवड्यात या आजींचा, पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांचा. शिक्षिका बाईंचा शेवटी ठेवलात तरी चालेल, कारण मुलाशी फोनवर वेळ जाणार आहे, फक्त एकादशीला इन्सुलिन किती द्यायचं तेवढं मात्र उद्याच विचारून घ्या.